रेष काढणाऱ्याचा रोज कोण देणार?

मागच्या मंगळवारी संध्याकाळी एक पोरगा माझ्याकडे आला. वय असेल पंचवीस-सव्वीस. आपल्या देवणीतच एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करतो. चौकात तुम्ही वाढदिवसाचे बॅनर बघता ना, 'भावी' अमुक आणि 'भावी' तमुक, त्यातले कितीतरी त्याच्या हातचे. नाव टाकू नका म्हणाला, म्हणून टाकत नाही.

बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक गठ्ठा होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सर, हे बंद करावं म्हणलालो."

उघडून बघितलं. नव्वद पानं. सगळी काळ्या शाईत, चौकटी पाडून काढलेली. एका बाईची गोष्ट आहे. बाई म्हणजे त्याची आई. तिचं माहेर किल्लारीकडच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं त्यात तिचं माहेर गेलं. ती तेव्हा लहान होती, वाचली. पोरगा त्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मला. त्यानं भूकंप बघितला नाही, ते जुनं गावही बघितलं नाही. आई रात्री जेवणं झाल्यावर सांगते, हा ऐकतो आणि काढतो. तीन वर्षं झाली. एकशे चाळीस पानांचं पुस्तक करायचं होतं. आता नव्वदावर थांबलाय.

का थांबलास विचारलं. पुण्यात एका कंपनीत जागा आहे, पगार इथल्या दुप्पट. घरात बहिणीचं लग्न आहे. आणि वडील म्हणतेत, "कार्टून काढून कुणाचं पोट भरलंय का?"

मग त्यानं मला विचारलं, "सर, बाकीच्यांनी कसं केलं असंल? त्यांना किती दिवस लागलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि थोडी लाजही वाटली. तीन वर्षांपूर्वी हाच पोरगा तीन चौकटींची एक छोटी पट्टी घेऊन माझ्याकडे आला होता, पेपरात छापता का म्हणून. जागा नाही, असं मी सांगितलं होतं. त्या आठवड्यात त्या जागेवर एक शुभेच्छा जाहिरात होती. जाहिरातीवर आमचंही पोट आहे, ते मी नाकारत नाही. पण जागा नव्हती हे खरं नव्हतं.

म्हणून ही पोस्ट. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला जे वाचलं, जे माहीत होतं, ते इथं मांडतो. लांब आहे, पण वाचा.

आधी एक गोष्ट. हा पोरगा जे काढतोय त्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. आपण चित्रकादंबरी म्हणू. चित्रातून सांगितलेली मोठी, सलग गोष्ट. आपल्या पिढीला चित्रकथा म्हटलं की अमर चित्रकथा आठवते, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो. अमर चित्रकथा १९६७ साली अनंत पै यांनी मुंबईतून सुरू केली. त्यात राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्या आपल्या मातीतल्या चित्रकारांनी शेकडो पानं काढली. आपण कृष्ण, शिवाजी महाराज डोळ्यांपुढं आणतो ते बऱ्याच वेळा या लोकांनी काढलेले असतात, हे आपल्या लक्षातही नसतं. पण ती पुस्तकं लहान, बत्तीस पानांच्या आसपासची, आणि गोष्टी सगळ्यांना माहीत असलेल्या. चित्रकादंबरी म्हणजे स्वतःची गोष्ट, स्वतःच्या रेषेत, शंभर-दोनशे पानं. लेखक तोच, चित्रकार तोच, बहुतेक वेळा अक्षरंही तोच काढणार.

कुणी म्हणेल हे बाहेरचं खूळ आहे. तर तसं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करतात. सुट्या कागदांवर रामायण-महाभारताचे प्रसंग काढलेले, त्यांची पोथी बांधलेली. एक चित्र समोर धरायचं, वाद्यावर गात त्याची गोष्ट सांगायची, मग पुढचं चित्र. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आणि या प्रकारच्या जुन्या चित्रांना 'पैठण शैली' म्हणतात. पैठण म्हणजे आपल्याच मराठवाड्यातलं. एकामागून एक चित्र लावून गोष्ट सांगायची रीत आपल्याकडं जुनीच आहे.

पण त्या चित्रकथ्याला गावकरी जोगवा घालायचे, धान्य द्यायचे. तो गोष्ट सांगत असताना त्याच्या पोटाची सोय गाव करायचं. नंतरच्या काळात छापखाना आला, मासिकं आली. गाव गेलं आणि त्या जागी संपादक आला.

हे संपादक काय करायचे ते बघा. शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज नावाच्या खेड्यातला. खेड्यातून कोल्हापूर, तिथून मुंबईचं जे. जे. स्कूल. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अनंत अंतरकर नावाच्या संपादकांनी त्यांच्याकडून 'हंस' आणि 'मोहिनी'साठी रंगीत मुखपृष्ठं करून घेतली. तोवर मासिकाच्या मुखपृष्ठावर सुंदर स्त्रीचं चित्र असायचं. त्या जागी एक शब्दही नसलेलं हास्यचित्र लावायचं, हा धंद्याच्या दृष्टीनं जुगार होता. अंतरकरांनी तो खेळला. पुढं फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही चित्रं काढली. माझ्या वयाच्या लोकांनी शाळेत ती बघितलीयत. गणित कळलं नसेल, पण चित्रं आठवतात. भोजसारख्या खेड्यातला हात महाराष्ट्राच्या घराघरात पोचला, त्यात हात त्यांचा होता, पण जागा देणारा माणूसही होता.

दुसरं नाव वसंत सरवटे. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली चित्रं, 'ललित'ची मुखपृष्ठं, जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळ'चं ते रूप, हे सगळं सरवट्यांचं. आणि हा माणूस नोकरीनं सिव्हिल इंजिनिअर होता, एसीसी या सिमेंट कंपनीत. निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. दिवसा सिमेंट काँक्रीट, संध्याकाळी रेष. मराठीतल्या सगळ्यात विचारी व्यंगचित्रकारांपैकी एक माणूस आयुष्यभर 'फावल्या वेळात' चित्रं काढत होता. त्यानं तक्रार केली की नाही हा प्रश्न नाही. एक चित्र फावल्या वेळात होतं. दहा चित्रंही होतात. एकशे चाळीस पानांची गोष्ट फावल्या वेळात होते का, हा प्रश्न आहे.

तिसरी वाट म्हणजे स्वतःच साप्ताहिक काढायचं. बाळ ठाकरे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार होते, आर. के. लक्ष्मणही तिथं होते. ठाकऱ्यांनी नोकरी सोडली आणि ऑगस्ट १९६० मध्ये 'मार्मिक' सुरू केलं. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते राजकारणात गेलं. आपल्या विषयापुरतं एवढंच की स्वतःच्या चित्राला जागा मिळावी म्हणून अख्खं साप्ताहिक उभं करायची ताकद प्रत्येकाकडं नसते.

चौथी वाट रोजच्या पेपरातली. २१ नोव्हेंबर १९९१ ला 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. रोज तीन-चार चौकटी, एक छोटा विनोद. दोन तरुणांनी वर्षानुवर्षं रोज एक पट्टी दिली. कारण पेपरात रोज तेवढी जागा ठरलेली होती. सलग काम करायची सवय त्या ठरलेल्या जागेनं लावली.

म्हणजे मराठीत व्यंगचित्रकार झाले, मोठे झाले. पण ही सगळी कामं एका चित्राची, एका पट्टीची, एका मुखपृष्ठाची. तेवढ्यासाठी आपल्याकडं व्यवस्था होती. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दर वर्षी दिवाळी अंकांना चित्रं लागायची. मोठ्या गोष्टीसाठी मात्र अशी व्यवस्था कधी झालीच नाही.

मग ज्यांनी पहिली मोठी गोष्ट काढली, त्यांनी कसं केलं?

भारतातली पहिली चित्रकादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचं नाव घेतात ते आहे 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. १९९४ साली आलं. काढणारे ओरिजित सेन, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत शिकलेले, तेव्हा तिशीतले. विषय काय? नर्मदा. सरदार सरोवरात बुडालेली गावं गुजरातेत आहेत, मध्य प्रदेशात आहेत आणि आपल्या महाराष्ट्रातही आहेत. तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडितातलं पहिलं गाव. १९९२ ला मोर्स समितीचा अहवाल आला, १९९३ ला जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, सगळीकडं नर्मदेची चर्चा होती. सेन त्या खोऱ्यात हिंडले आणि त्यांनी बातमी न लिहिता गोष्ट काढली. त्यात एक तरुण पत्रकार आहे, विष्णू. शहरातून खोऱ्यात जातो. आणि एक गायक आहे, मलगू गायन, तो नदीच्या जन्माची कथा गातो. एकीकडं पत्रकाराची वही, दुसरीकडं आदिवासीचं गाणं, दोन्ही एकाच पानावर. पत्रकार म्हणून सांगतो, आम्ही विस्थापितांवर हजार बातम्या केल्या असतील. त्यात आकडे असतात, मोर्चे असतात, निवेदनं असतात. ज्याचं घर जातं त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते बातमीत बसत नाही. त्या पुस्तकात ते बसलं.

आता पैशाचं बघा. सेन यांनी त्याआधी दिल्लीत 'पीपल ट्री' नावाचं दुकान-कम-स्टुडिओ सुरू केलं होतं, त्यावर घर चालायचं. पुस्तकासाठी छोटं सरकारी अनुदान मिळालं. 'कल्पवृक्ष' या पर्यावरण संघटनेनं छापलं. मोजक्या प्रती निघाल्या, संपल्या, आणि मग वर्षानुवर्षं ते पुस्तक लोक झेरॉक्स काढून वाचत राहिले. नवी आवृत्ती निघाली २०२२ ला, चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाकडून. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. तरी पुस्तक मेलं नाही.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. अमृता पाटील. जन्म पुण्याचा, १९७९ चा. वाढल्या गोव्यात, गोवा कला महाविद्यालयात शिकल्या. नंतर मुंबईत एका जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून नोकरी केली, मग अमेरिकेत बोस्टनला जाऊन कलेचं पुढचं शिक्षण घेतलं. २००८ साली हार्परकॉलिन्सनं त्यांची पहिली चित्रकादंबरी छापली, 'कारी'. पुस्तक इंग्रजीत आहे. भारतात बाईनं काढलेली ही पहिली चित्रकादंबरी मानली जाते.

'कारी'ची नायिका कारी मुंबईसारख्या धुरकट शहरात एका जाहिरात कंपनीत काम करते. दाटीच्या फ्लॅटमध्ये मुलींसोबत राहते. तिचं रूथ नावाच्या मुलीवर प्रेम असतं, ते तुटतं, तिथून गोष्ट सुरू होते. ऑफिसमध्ये शाम्पूची, केसांची जाहिरात करायची आणि संध्याकाळी कॅन्सरनं जात असलेल्या बाईजवळ बसायचं, असं तिचं आयुष्य. पुस्तक बहुतेक काळ्या-पांढऱ्यात, मध्येच एखादं पान रंगात उजळतं. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लेखिकेनं जी नोकरी केली ती वाया गेली नाही. तीच नोकरी पुस्तकात आली. ऑफिसातली टेबलं, क्लायंटसमोरचं खोटं हसू, रात्रीची घरी जायची गाडी, हे सगळं बघितलेल्या माणसालाच काढता येतं. पुढं त्यांनी महाभारतावर 'आदिपर्व' (२०१२) आणि 'सौप्तिक' (२०१६) काढली, आणि राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कारही मिळाला. पण पहिल्या पुस्तकाच्या मागं एक जाहिरात कंपनी होती आणि एक मोठा प्रकाशक, ज्यानं नव्या पोरीच्या हातावर विश्वास ठेवला.

तिसरं 'भीमायन', २०११. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात. लहानपणी वडिलांना भेटायला कोरेगावला जाताना झालेला अपमान त्यात आहे, आणि दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून झालेला प्रसंगही आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातला. त्या आठवणींवर मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी पुस्तक काढलं. त्यांनी चौकटी पाडल्याच नाहीत. माणसाला डब्यात कशाला कोंडायचं, असा त्यांचा विचार. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द रचायचं काम नवयान प्रकाशनाच्या लोकांनी केलं. चित्रकारावर सगळा भार पडला नाही.

आणि एक बाहेरचं, कारण ते या पोराच्या गोष्टीशी अगदी जुळतं. अमेरिकेत आर्ट स्पिगेलमन नावाचा चित्रकार आहे. त्याचे वडील हिटलरच्या छळछावणीतून वाचलेले. मुलानं वडिलांना समोर बसवून त्यांचं बोलणं टेप केलं आणि त्यावरून 'माउस' नावाची चित्रकादंबरी काढली. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजर. पहिला भाग १९८६ ला आला, दुसरा १९९१ ला. १९९२ ला त्याला पुलित्झर मिळालं. आईबापानं भोगलेलं, पोरानं न बघितलेलं, ते ऐकून ऐकून काढायचं. आपल्या पोराचं काम तेच आहे.

आता स्पिगेलमनचं पोट कशावर चाललं? च्युइंगम बनवणाऱ्या एका कंपनीसाठी तो वीसेक वर्षं स्टिकर आणि कार्डं डिझाईन करायचा. लहान पोरं च्युइंगमच्या पुड्यात मिळालेली जमा करतात ना, तसली. म्हणजे दिवसा च्युइंगमची चिकटचित्रं आणि बाकी वेळात छळछावणी. वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्या आपल्या पोरानं स्वतःला कमी समजायचं काहीच कारण नाही.

पण स्पिगेलमननं अजून एक केलं. सगळं पुस्तक संपेपर्यंत तो थांबला नाही. बायकोसोबत 'रॉ' नावाचं मासिक काढायचा, त्यात १९८० पासून एकेक प्रकरण छापत गेला. लोक वाचत गेले, पुढचं कधी येणार विचारत गेले. अकरा वर्षं ते चाललं.

मला उत्तर इथं सापडलं. या सगळ्यांच्या दिवसाचा रोज दुसऱ्या कुठल्यातरी कामानं दिला. सिमेंट, जाहिरात, दुकान, च्युइंगम. दिवसाची नोकरी कुणालाच सुटली नाही. पण प्रत्येकाच्या रात्रीच्या कामाची वाट बघणारं कुणीतरी होतं. संपादक, संघटना, प्रकाशक, मासिक. आपल्या पोराच्या रात्रीची वाट कोण बघतंय? त्याची आई सोडून कुणीच नाही.

ही रात्र कशी जाते तेही सांगतो, म्हणजे 'कार्टून काढतो' म्हणणाऱ्यांना अंदाज येईल. दुकानातून सुटायला नऊ. जेवण करून दहाला बसतो. एक वाजेपर्यंत. आधी पानाचा कच्चा आराखडा, चार-सहा चौकटी, कोण कुठं उभं आहे. मग पेन्सिल. मग शाई. शाईत चुकलं तर पांढरा रंग लावायचा नाहीतर पान पुन्हा. मग फुग्यातली अक्षरं. मराठीत ही वेगळीच भानगड आहे. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं, म्हणून इंग्रजीपेक्षा फुगा मोठा होतो आणि चित्राची जागा खातो. शेवटी दुकानातल्या स्कॅनरवर, मालकाची परवानगी काढून, स्कॅन. एका पानाला त्याला सरासरी पाच रात्री लागतात. एकशे चाळीस पानं गुणिले पाच. सातशे रात्री. आणि निवडणूक, जयंत्या, गणपती, दिवाळी या दिवसांत रात्रभर फ्लेक्सच असतात, तेव्हा पुस्तक बंद. तीन वर्षांत नव्वद पानं म्हणजे पोरगा आळशी नाही, हिशेबाला बरोबर आहे.

त्यात सगळ्यात अवघड काय, विचारलं. म्हणाला, "माय तिसऱ्या पानावर जशी आहे तशीच नव्वदाव्या पानावर दिसली पाहिजे. वय वाढलं तरी तीच वाटली पाहिजे." आणि दुसरं अवघड म्हणजे घर. आई सांगते ढेलज, चौक, ओसरी, भिंतीतलं बळद, माळवदावर चढायचा जिना, उजेडासाठी सवणं. लिहिताना 'मोठा वाडा होता' म्हटलं की भागतं. काढताना जिन्याला पायऱ्या किती, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे माहीत असावं लागतं. आणि ती घरं आता नाहीत. जाडजूड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं वजनदार माळवद, भूकंपात त्याच भिंती आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक उशिरा झोपलेले. नंतर गावं नव्या जागी गेली, सिमेंटची सरळ रेषेतली घरं झाली. जुन्या गावांच्या जागी दगडांचे ढीग आणि काटेरी झुडपं. त्या घरांच्या आठवणी ज्यांच्या डोक्यात आहेत ती माणसं आता साठीच्या, सत्तरीच्या पुढं आहेत.

हे मला जास्त लागलं. किल्लारीवर अहवाल झाले, पुस्तकं झाली, दर ३० सप्टेंबरला आम्ही बातमी करतो. तीच श्रद्धांजली, तोच स्मृतिस्तंभ, तेच प्रलंबित प्रश्न. पण एका घरातली एक पोरगी त्या रात्रीच्या आधी त्या घरात कशी राहायची, सकाळी कुठल्या दारानं बाहेर पडायची, हे कुठंच नाही. ते या नव्वद पानांत आहे. हा पोरगा पुण्याला गेला तर पन्नास पानं कोण काढणार? मी तर नाही. मला रेषही सरळ मारता येत नाही.

त्यानं पुण्याला जाऊ नये असं मी म्हणत नाही. बहिणीचं लग्न आहे, पगार दुप्पट आहे, जावं. वडिलांचंही चुकत नाही, त्यांनी कुणाचं पोट चित्रावर भरलेलं बघितलं नाही म्हणून ते बोलतात. मी त्याला एवढंच सांगितलं की बंद करू नको. नोकरी कर आणि तुकड्या-तुकड्यानं छाप. सगळ्यांनी तसंच केलंय. तो म्हणाला, "छापणार कोण?"

आपण. दुसरं कोण?

उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. देवणीहून आपण गाड्या भरभरून गेलो, पुस्तकं घेतली, सेल्फी काढल्या. म्हणजे आपल्या भागात वाचक आहे. लातूर, उदगीरमधून दिवाळी अंक निघतात. त्या संपादकांना माझी विनंती आहे. एका अंकात आठ-दहा पानं या पोराला द्या. 'क्रमशः' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. मानधन थोडं असलं तरी चालेल, पण द्या. फुकट मागू नका. फ्लेक्सवाल्याला आपण चौरस फुटाचे पैसे देतो, मग पानाचे द्यायला काय झालं?

सार्वजनिक वाचनालयांच्या चालकांना विनंती. पुस्तक निघेल तेव्हा दोन-दोन प्रती घेऊ, एवढं आजच सांगा. तीस-चाळीस वाचनालयांनी शब्द दिला तरी प्रकाशकाकडं जाताना त्याच्या हातात काहीतरी असेल.

चित्रकलेच्या शिक्षकांना विनंती. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला पोरं बसतात, दहावीला गुण वाढतात म्हणून. त्यातल्या एखाद्याला असं काम असतं हे सांगा. पोट भरतंय म्हणून नाही, खोटं सांगू नका. असं काम असतं आणि ते आपल्याच गावातला एकजण करतोय, एवढं सांगा.

आणि मी माझ्यापुरतं. पेपरात आठवड्याला एक पान मागितलंय, किमान अर्धं तरी. अजून उत्तर आलं नाही. नाही मिळालं तर इथं माझ्या पेजवर दर रविवारी त्याचं एक पान टाकणार आहे, त्याची परवानगी घेतलीय. नाव त्याला वाटेल तेव्हा टाकू. तुम्ही वाचा, पुढचं कधी येणार विचारा. शेअर करताना चित्राखालची त्याची सही कापू नका.

शेवटचं. एक्क्याण्णवावं पान अडलंय. त्यात ते माहेरचं घर आतून दाखवायचंय, रात्रीचं, विसर्जनाहून आल्यावरचं. आईला चौकातून माळवदावर जाणारा जिना आठवतो, पण कुठल्या कोपऱ्यातून होता ते आठवत नाही. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातल्या कुणाकडं १९९३ च्या आधीच्या घरांचे फोटो असतील, लग्नातले असोत, बारशातले असोत, मागं भिंत, दार, जिना दिसत असला तरी पुरे, तर मोबाईलवर फोटो काढून मला पाठवा. माणसांचे चेहरे झाकून पाठवले तरी चालतील. आम्हाला फक्त जिना बघायचाय.